त्यांच्या गोळ्या

"त्यांच्या गोळ्या सरल्या," शालूबाईनं काउंटरवर पिशवी आपटली. "आन् हे दुकान हाये का कोंबड्याचं खुराडं? उभं राहायला जागा न्हाई."

कळमनुरीचा बाजार होता. मेडिकलच्या पायरीपर्यंत माणसं दाटली होती. साजीदनं हातातलं काम ठेवलं, आतून निळं स्टूल आणलं आणि फडक्यानं पुसून तिच्यापुढं टेकवलं.

"बसा माय. मालकाचंच हाये."

ते खरं होतं. शालूबाईचे मालक बाजाराला आले की याच स्टुलावर बसायचे. साजीदचे वडील खाजा मिया गल्ल्यावर, हे स्टुलावर. बैल, पाऊस, पुढारी, सगळ्यांचा निकाल तिथंच लागायचा. खाजा मिया गेले, गल्ल्यावर साजीद आला. स्टुलावर मात्र तो दुसऱ्या कोणाला बसू देत नसे.

बसताना शालूबाईनं काउंटरची कड घट्ट धरली. तिच्या पायात मालकाच्या चपला होत्या, ढगळ, टाचेला झिजलेल्या.

"चपला मालकाच्या वाटतं," साजीद म्हणाला.

"घाईत घातल्या. त्यांना कुठं आता चपला लागून राहिल्या."

"कसे हायेत मालक?"

शालूबाईचा चेहरा निवळला. गावात आता त्यांचं कोणी विचारत नव्हतं. पारावरची माणसं नाहीत, भाऊबंद नाहीत. वैजनाथ, पोटचं पोरगं, पण बापाचा विषय निघाला की मोबाईलमध्ये तोंड घालायचा. सून कोमल तर तिथून उठूनच जायची. विचारायचा तो एकटा साजीद, आणि गिऱ्हाईक कितीही खोळंबलं तरी उत्तर पुरतं ऐकायचा.

"हायेत तसेच. बोलणं न्हाई, चालणं न्हाई. ताट म्होरं ठेवते, ते तसंच राहते. आधी मिठावरून घर डोक्यावर घ्यायचे. आता ते बी सोडलं."

"शुगर तपासायला लागते माय."

"मग काय त्यांचं बोट कापून आणू?"

साजीद हसला. खणातून छोटी मशीन काढत म्हणाला, "ते राहू द्या. ही मशीन नवी हाये. बराबर चालते का, कोणावर तरी बघावं लागते. द्या तुमचं बोट."

"मागच्या खेपेला बी नवीच होती."

"कंपनी बदलून राहिली, मी काय करू?"

"तपास मेल्या माझ्या रगतानं तुझ्या मशिनी," म्हणत तिनं बोट पुढं केलं आणि तोंड रस्त्याकडं फिरवलं.

शालूबाईला आजवर कोणी खाटेवर पाहिलं नव्हतं. आजारपण म्हणजे तिला माणसाचं ढोंग वाटायचं. "आमच्या घरात दुखणं पुरुषालाच परवडते," ती कोमलला सुनवायची, "आपण पडलो तर भाकरी कोण टाकील?"

मशीनवर आकडा उमटला. साजीद तो जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"चालते का न्हाई?"

"चालते." त्यानं मशीन खणात सरकवली. "माय, मालकाच्या पायाला फोड आला म्हणल्या होत्या. बरा झाला?"

"चिघळला. हळद भरून राहिले. आपल्या वावरातली हाये, भेसळीची न्हाई." तिनं पिशवीतून हळदीची पुडी काढून त्याच्याकडं सरकवली. "ही घे, घरवालीला दे. म्हणावं, कालवणाला जरा रंग येऊ दे."

साजीदनं पुडी दोन्ही हातांनी घेतली. नजर मात्र खाली होती, चपलेच्या पट्ट्यावर. तिथं पिवळा डाग होता.

"लागलेलं कळते का त्यांना?"

"न्हाई कळत. रगत दिसलं तेव्हा कळलं."

"मग हे गोळ्यांनी आटपायचं न्हाई, माय. दवाखान्यात न्यावं लागते. अशानं पाय जातो. आन् पायावरच थांबत न्हाई ते."

शालूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"ते येत न्हाईत कुठं."

"मी येतो न्यायला. गाडी हाये माझ्याकडं."

"खबरदार घरी आला तर!" ती एवढ्यानं ओरडली की पायरीवरची माणसं वळून पाहू लागली. मग तिचा आवाज उतरला. "जन्मात कधी दवाखान्याची पायरी चढले न्हाईत रे ते. आता काय चढतील?"

गिऱ्हाइकांना थांबायला सांगून साजीद काउंटरच्या बाहेर आला. स्टुलापाशी उकिडवा बसला आणि हळू बोलू लागला.

"मग असं करू. मालकाला राहू द्या घरीच. उद्या तुमी चला माझ्यासंगं. फोड कुठं आला, कसा आला, ते डॉक्टरला तुमच्या पायावर दाखवा. ते तिथंच पट्टी बांधून दाखवतील. इंजेक्शन बी कसं द्यायचं, तुमच्याच दंडावर दाखवतील. मग घरी जाऊन मालकाचं करा तुमी."

शालूबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं पदरानं तोंड झाकलं.

"त्यांच्यासाठी येते. माझ्यासाठी न्हाई."

"मालूम हाये, माय." त्यानं गोळ्यांची पुडी तिच्या पिशवीत ठेवली. "मालकाला सलाम सांगा."

घरी पोचली तेव्हा दिवस मावळतीला आला होता. अंगण झाडलं नाही म्हणून तिनं कोमलला दारातच झापलं, आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली.

चपला काढून तिनं भिंतीशी जोडीनं ठेवल्या. खाली बसून आपल्या डाव्या पायाची चिंधी सोडली. ती पिवळी होती, ओली होती. मग पुडीतली गोळी जिभेवर ठेवली आणि तांब्यानं पाणी प्याली.

समोर सकाळचं ताट होतं तसंच होतं. भाताला मुंग्या लागल्या होत्या.

"साजीदनं सलाम सांगितला," ती हार घातलेल्या फोटोला म्हणाली.

गेल्या शिमग्यात याच दारातून त्यांना उचललं, तेव्हा तिरडीला पुढून पहिला खांदा साजीदनं दिला होता.