जवळच्या माणसाचा नंबर

रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "काका, जवळच्या नातेवाईकाचा मोबाइल नंबर?"

"ती जागा रिकामी सोडा ना."

"सोडली असती हो! पण कुणा शहाण्यानं डेटाबेसमध्ये ट्रिगर लावून ठेवलाय. नंबर टाकल्याशिवाय नोंदच होत नाही. आणि वॉर्डात खाट मिळाल्याची नोंद झाली रे झाली, की त्या नंबरवर आपोआप मेसेज जातो. आम्हाला बोटही लावावं लागत नाही."

काका ओशाळून हसले. तो शहाणा म्हणजे तेच. निवृत्त होण्याआधी याच रुग्णालयाच्या कॉम्प्युटर विभागात त्यांनी तो ट्रिगर लिहिला होता. मेसेजचा मजकूरसुद्धा त्यांचाच. 'नातेवाईक नसलेच तर?' असं कुणीतरी मीटिंगमध्ये विचारलं होतं, तेव्हा त्यांनीच ठासून सांगितलं होतं, 'प्रत्येकाचं कुणी ना कुणी असतंच.' तेव्हा बायको होती.

थोडा विचार करून त्यांनी एक नंबर सांगितला.

"मुलाचा का?"

"घरचाच आहे."

वॉर्डात सलाईन लावून होतं न होतं तोच उशाशी ठेवलेला त्यांचा फोन थरथरला. नर्सच जास्त खूश झाली. "बघा काका, आली ना कुणाला तरी आठवण!"

काकांनी चष्मा लावला.



"आपल्या घरचे रुग्ण खाट क्रमांक अकरावर दाखल झाले आहेत. कृपया लवकर या, त्यांना एकटं सोडू नका."