दोन विरुद्ध एक

समुद्रतळाच्या खाणीतून कुंटेसाहेबांचा आवाज नावेवर आला. "शरयू, गरगरतंय मला. एक सेन्सर सांगतोय, प्राणवायू संपत आलाय."

"आणि बाकीचे दोन, साहेब?"

"ते म्हणतायत सगळं ठीक आहे."

"मग ठीकच असणार. बहुमताचं ऐकायचं, हा नियम तुमचाच."

"अगं, ते दोन बिघडलेत! वर ओढ मला!"

कुंट्यांनी बनवलेल्या श्वाससंचाला प्राणवायू सोडायची, हाताने फिरवायची चावीच नव्हती. माणूस घाबरून चुका करतो म्हणे. दोरीची मोटरसुद्धा सेन्सरांच्या कौलाशिवाय हलत नसे. मागच्या श्रावणात शरयूचा भाऊ जयवंत असाच खालून विनवत होता. ती बटण दाबत राहिली, पण मोटर ढिम्म. तो गेल्यावर चौकशीत कुंट्यांनी सांगितलं, सेन्सर उत्तम होते, पोरगाच भित्रा.

"देवाशपथ सांगतो, ते खोटं बोलतायत!"

"जयवंताच्याच संचातले आहेत ते," शरयू हळू आवाजात म्हणाली. "सकाळी मीच बसवले. तुम्ही उत्तम म्हणालात ना?"

खालून आलेलं उत्तर झोपेतल्यासारखं पुसट होतं. मग तेही थांबलं. पडद्यावर दोन सेन्सर अजून कळवत होते, पाणबुड्या सुखरूप आहे.