पावसाला काय म्हणतात?

मँचेस्टरला मुलाकडे आलेल्या अरुणाताईंना नात कस्तुरी खिडकीतून बोट दाखवून सांगत होती, "आजी, हा पाऊस शितो-शितो. थेंब-थेंब आला की पोत्सु-पोत्सु. जोरात आला की झा-झा! शेजारच्या हारुकोआजीनं शिकवलं."

अरुणाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जपानी शब्द तोंडपाठ, आणि मराठीत पावसाचं काहीच येत नाही तुला?"

"येतं ना. बाबा रोज बोलतो."

"काय बोलतो?"

कस्तुरीनं नाक मुरडलं. "शी! परत पाऊस!"

अरुणाताईंनी सोफ्यावर लोळणाऱ्या मुलाच्या हातातला फोन काढून घेतला. "अनुप, ऊठ! छत्री राहू दे. बाहेर रिपरिप चाललीय, तिथूनच शिकवणी सुरू करू. आधी तुझी!"