टाकीचे घाव

फान रुईने चियाओ नानला दंडाला धरूनच तिसऱ्या मजल्यावर आणलं आणि आपल्या जुन्या प्रशिक्षकांचं, तुंगसरांचं, दार मुठीने वाजवलं. पोरगी अंग चोरून उभी होती. तिच्या जाकिटाला भाजलेल्या मांसाचा वास येत होता. आइस हॉकी सोडून ती मावशीच्या खानावळीत शेगड्या पेटवायला लागली होती. फान रुईने तिला तिथूनच, गिऱ्हाइकांसमोर, उठवून आणलं होतं. एकदा म्हाताऱ्याचं ऐक, मग काय ते ठरव, एवढंच तिने पोरीला सांगितलं होतं.

फान रुई स्वतः पंधरा वर्षं प्रांताच्या महिला संघातून खेळली. गेल्या हिवाळ्यात तिचा गुडघा गेला आणि वरच्यांनी लहान मुलींचा संघ शिकवायला देऊन तिच्या गळ्यात शिट्टी अडकवली. शिकवणं हा खेळता न येणाऱ्यांचा उद्योग, असं ती खेळत असताना उघड म्हणायची. तोच आता नशिबी आला होता. पण पोरींना कसं शिकवायचं, याबद्दल तिला कधी शंका आली नाही. तुंगसरांनी तिला शिकवलं होतं, तसंच.

तुंगसर तिला लहानपणापासून ओंडका म्हणत. तुझ्यापेक्षा गोलची जाळी बरी, ती निदान चकती अडवते, असं त्यांनी सगळ्या संघासमोर म्हटलं होतं. ती उशीत तोंड खुपसून रडायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी बर्फावर उतरायची. पुढे ती कर्णधार झाली, तेव्हा तिने मनाशी अर्थ लावला. म्हातारा सगळं ओळखून होता. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तेव्हापासून दर नववर्षाला ती त्यांच्यासाठी ज्वारीच्या दारूची बाटली घेऊन यायची आणि वाकून, दोन्ही हातांनी द्यायची. म्हाताऱ्याने एकदाही नको म्हटलं नाही.

शिट्टी मिळाल्यावर तिनेही टाकी उचलली. या पोरींचं तिला काहीच पटत नव्हतं. गरम पाण्याच्या बाटल्या, पडल्यावरचं हसणं, काचेमागे उभ्या राहणाऱ्या आया. कुणाला ती वाफेवरचा पाव म्हणाली, कुणाला लंगडं बदक. सगळ्यांत जास्त घाव चियाओ नानच्या वाट्याला आले. तुझ्यात काही नाही, हे तिने रोज ऐकलं. घरी जा आणि आईबरोबर कोबी खारव, हे ऐकलं त्या दिवशी पोरीने जर्सी घडी करून बाकावर ठेवली आणि ती निघून गेली.

तुंगसरांनी दार उघडलं आणि काही न विचारता ते पुन्हा आपल्या खुर्चीत जाऊन बसले. समोर पसरलेल्या वर्तमानपत्रावर सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा ढीग होता. फान रुईने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आजकालच्या पोरी कशा फुलासारख्या कोमेजतात, तेही सांगितलं. मग ती म्हणाली, "तुम्ही मला रोज ओंडका म्हणायचात. का म्हणायचात, ते हिला सांगा."

तुंगसरांनी एक बी दातांत फोडली. "ओंडका वाटायचीस म्हणून."

फान रुई हसली. सर असेच आहेत, तोंडावर कधी कौतुक करायचे नाहीत, असं तिने पोरीला समजावलं. पण म्हातारा हसत नव्हता. त्याने शांतपणे सांगितलं, की फान रुईला घरी पाठवा असं त्याने वर दोनदा कळवलं होतं. दुसऱ्या एका पोरीचा पाय मोडला, संघात माणूस कमी पडलं, म्हणून ही राहिली. पुढे ही चमकली, तेव्हा इतरांइतकाच तोही चकित झाला. कुणी विचारलं नाही, म्हणून तो बोलला नाही.

"मला खरंच वाटायचं, की तुझ्यात काही नाही," तो म्हणाला.

फान रुई दाराजवळच्या चपलांच्या स्टुलावर बसली. कोट न काढल्यामुळे तिला घाम फुटला होता. इतकी वर्षं जी माया समजून तिने जपली, तो नुसता तिरस्कार होता. चियाओ नान तिच्याकडे पाहत होती. त्या नजरेतली कीव तिला सोसेना.

म्हाताऱ्याने हनुवटीने पोरीकडे खूण केली. "आणि ही कशी आहे?"

"माझ्यात काही नाही," चियाओ नान म्हणाली. "मॅडम रोज सांगतात."

"तुला नाही विचारलं."

फान रुई फरशीकडे बघत म्हणाली, "हिच्यासारखी मी दुसरी पाहिली नाही. हिच्या वयाची असताना मी हिच्या जवळपासही नव्हते."

"पुन्हा म्हणा," पोरगी म्हणाली.

फान रुईने मान वर केली आणि तिच्याकडे बघून पुन्हा म्हटलं. पोरगी रडली नाही. उद्या सकाळी सरावाला येईन, म्हणाली. कोबीचं नाव पुन्हा निघालं तर मात्र तिथल्या तिथे परत जाईन. तोंडावर मफलर ओढून ती जिना उतरून गेली.

फान रुई मागे राहिली. तिने कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"इतकी वर्षं तुम्ही मला तुडवलंत," ती म्हणाली, "आणि तुमचंच पाहून मी हिला तुडवत राहिले."

तुंगसरांनी वर्तमानपत्राच्या कडा उचलून टरफलं मधोमध गोळा केली.

"माझं पाहून म्हणू नकोस," ते म्हणाले. "मी चुकलो होतो. तू खोटं बोलत होतीस."