पाच जोड चपला

त्र्याण्णव साली डोंबिवलीतल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये चपला दाराबाहेर काढूनच आत जायचं, अशी शीला मॅडमची सक्त ताकीद होती. त्या दुपारी मला धरून आम्ही सहा मुली होतो.

वर्गात पाचच मुली आहेत का, असं मी प्रोग्रॅममध्ये विचारलं. स्क्रीनवर 'हो' आलं.

"अगं रतन, बरोबरचं चिन्ह दोनदा दे," मॅडम हसल्या. "एकदाच दिलंस तर ते पाच आहेत का असं विचारत नाही, पाचच आहेत असं ठरवूनच टाकतं."

मी दुरुस्त करायच्या आतच लाईट गेली. मॅडमनी क्लास सोडला.

दाराबाहेर मुलींच्या चपलांचे पाचच जोड होते. पाच जणी आपापल्या चपला घालून निघून गेल्या.

"मॅडम, माझ्या चपला?" मी आतून विचारलं.

मॅडमनी माझ्यासकट साऱ्या वर्गावरून एकदा नजर फिरवली, "गेल्या पाचही," असं स्वतःशीच म्हणत दार ओढलं आणि बाहेरून कुलूप लावलं.