उरलेला ठोकळा

तुटका कंगवा. तेलाचा रिकामा डबा. बाबा गेल्यापासून कपाटात पडलेल्या भीमगीतांच्या नऊ कॅसेटी.

प्रशिकनं इंदूरच्या घरातलं हे प्लास्टिक आईला न विचारता उचललं, बारीक भरडलं आणि कॉलेजच्या प्रयोगासाठी काँक्रीटमध्ये मिसळून ठोकळे पाडले. ठोकळे मजबुतीच्या चाचणीत पास झाले. उरलेला एक तो मोठ्या तोऱ्यात आईला दाखवायला घेऊन आला आणि त्यात काय काय घातलंय ते सांगू लागला.

“कॅसेटीपण टाकल्यास?”

“अगं, कॅसेट कोण लावतं आता? रुक, त्यातलंच एक गाणं मोबाईलवर लावतो ना.”

आईनं गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

“ह्यात तुझे बाबा बोलत नाहीत रे.”

फौजेत असताना बाबा चिठ्ठीऐवजी गाण्यांच्या कॅसेटवरच आपला आवाज भरून पाठवायचे, कारण आईला वाचता येत नव्हतं.