अडेल पाळणा

बारशाला आळीतल्या बायका जमल्या आणि नवा पाळणा हलेचना. सिगारेटच्या धुराचा शिळा अंशही बाळाजवळ आला, की जागीच अडून बसेल, असाच तो बनवलेला होता. सगळ्यांनी दाराशी उभ्या आजोबांकडे, विलासरावांकडे पाहिलं. नातीसाठी त्यांनी सिगारेट सोडली होती, भिंती खरवडून रंगवल्या होत्या.

"आता कातडी सोलून ठेवू का?" ते वैतागले.

उज्ज्वलाआजी मात्र बाळाखालची गोधडी बघून ओशाळली.

"अहो, तुमच्या जुन्या सदऱ्यांचीच शिवलीय मी. चारदा धुतली होती."

तिनं गोधडी काढून आहेरातली कोरी साडी अंथरली. पाळणा झुलू लागला. विलासराव भीतभीत जवळ गेले, वाकले. पाळणा झुलतच राहिला.

"यानं मला ओळखलंच नाही," ते खुशीत म्हणाले.